विजेचे श्रेय घेताना कोळसा कसा विसरता?

दरवर्षी १४ एप्रिलच्या आठवड्यात मोबाईलवर एक चित्र फिरते. मागे धरणाचा फोटो, पुढे कोटातले बाबासाहेब आणि खाली ठळक अक्षरांत ‘देशाला वीज देणारे बाबासाहेब’. मीही ते अनेकदा पुढे पाठवले आहे. दौंडला आमच्या अभ्यासवर्गात या चित्रावर बोलत होतो, तेव्हा अकरावीतल्या एका मुलीने विचारले, "दादा, फोटो धरणाचा आहे, पण आपल्याकडे बहुतेक वीज तर कोळशावर होते. मग कोळशाचं बाबासाहेबांनी काय केलं?" वर्गातली पोरे हसली. मला हसू आले नाही, कारण मला नीट उत्तर देता आले नाही. त्यानंतर जे वाचले, ते इथे मांडतो.

आधी साधा हिशेब. देशात तयार होणाऱ्या विजेपैकी ७० टक्क्यांहून अधिक वीज आजही कोळशातून येते. एक युनिट वीज तयार करायला साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा जळतो. म्हणजे उन्हाळ्यात रात्रभर छताचा पंखा फिरला की कुठेतरी सुमारे अर्धा किलो कोळसा जळालेला असतो. आपल्या कोळशात राखेचे प्रमाणही मोठे, तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत. वीज तारेतून निघून जाते आणि राख जिथल्या तिथे राहते. हा कोळसा कोणी खणला, कोणी उचलला आणि राख कोणाच्या अंगणात पडली, हे प्रश्न विजेच्या इतिहासात फारसे कोणी विचारत नाही.

दौंडकरांना कोळसा नवा नाही. १८५८ मध्ये रेल्वे पुण्यापर्यंत आली, मग पुढे सोलापूरकडे सरकली. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला आणि दौंड जंक्शन झाले. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळात कामासाठी वणवण करणारी माणसे या मार्गाच्या मातीकामावर होती. इंजिनाला पाणी आणि कोळसा देणारे गाव म्हणून दौंड वाढले. लोको शेड, कोळशाचे ढीग, इंजिनाच्या पोटातली राख काढण्याचे खड्डे. आमच्या वस्तीतली म्हातारी माणसे अजून सांगतात की त्या काळी धुतलेले पांढरे कापड वाळत घातले की संध्याकाळी त्यावर काळे ठिपके असायचे. माझी आजी राखेतून अर्धवट जळलेला कोळसा वेचून आणायची आणि त्यावर भाकरी व्हायची. ‘कोळशावर चालणारी अर्थव्यवस्था’ हा शब्दप्रयोग मी एमएला वाचला. आजीने ती घमेल्यात भरून आणली होती.

आता एक गोष्ट पाहा. जीआयपी रेल्वेने १९२९ मध्ये कल्याण ते पुणे मार्गाचे विद्युतीकरण पूर्ण केले. त्यासाठी ठाकुर्लीजवळ चोळे येथे रेल्वेने स्वतःचे कोळशावर चालणारे वीजघर उभारले. १ जून १९३० रोजी विजेवर धावणारी डेक्कन क्वीन सुरू झाली. मुंबई-पुण्याचा प्रवासी धुरातून सुटला, पण कोळसा काही संपला नव्हता. तो फक्त डब्यातल्या माणसाच्या नजरेआड, चोळ्याच्या भट्टीत गेला होता. आणि विजेची तार पुण्याला येऊन थांबली. पुण्याच्या पुढे, दौंडकडे, आधी कोळसा आणि मग डिझेल. पुणे-दौंड मार्गावर वीज यायला त्यानंतर ऐंशीहून अधिक वर्षे लागली. अंतर किती? पाऊणशे किलोमीटर.

या रेल्वेत आपली माणसे कोणत्या कामावर होती, हे बाबासाहेबांनीच मांडून ठेवले आहे. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला मनमाडला जीआयपी रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. दौंडहून मनमाड म्हणजे एका गाडीचा प्रवास. या भाषणातले ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू आपल्याला पाठ आहेत, पण त्याच भाषणातला रेल्वेचा तपशील आपण वाचत नाही. अस्पृश्य माणूस रेल्वेत बहुतेक गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो, हे त्यांनी सांगितले. त्याला पोर्टरचे कामसुद्धा सहसा मिळत नाही, कारण पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरची कामे करावी लागतात आणि तिथे विटाळ आडवा येतो. कारखान्यात तो हमाल असतो, कसबी कारागीर होत नाही. जात ही कामाची नव्हे तर काम करणाऱ्यांची विभागणी आहे, हा विचार त्यांनी १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये मांडला होता. मनमाडला त्यांनी तो रुळांवर आणि वर्कशॉपमध्ये दाखवून दिला. यंत्र नवे आले तरी यंत्राभोवतीच्या पायऱ्या जुन्याच होत्या.

हाच माणूस चार वर्षांनी, जुलै १९४२ मध्ये, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री झाला. इथे आपल्या चित्रांची पहिली चूक होते. मजूर खाते म्हणजे फक्त कामगार कायदे असे आपण समजतो. त्या खात्याकडे खाणकामगार होते, आणि पुढे पाटबंधारे व विद्युतशक्तीची धोरणेही तिथेच आखली गेली. कोळसा खणणारा माणूस आणि कोळशातून होणारी वीज हे दोन्ही प्रश्न एकाच टेबलावर आले, आणि त्या टेबलामागे मनमाडला गँगमनची कैफियत मांडणारा माणूस बसला होता.

ते टेबल सोपे नव्हते. महायुद्ध चालू होते. रेल्वे, पोलाद, दारूगोळा, सगळे कोळशावर. आणि १९४३ मध्ये कोळशाचे उत्पादन घसरले, कारण खाणीतले मजूर लष्करी बांधकामांवर निघून गेले होते. तिथे जास्त पैसे मिळत आणि जमिनीच्या वर काम असे. झरिया-राणीगंजच्या खाणींत कुटुंबे राबत. पुरुष कोळसा फोडणार, बाई तो टोपलीत भरून वाहणार. त्यात संथाळ होते, बाउरी होते, भुईया होते. थोडक्यात आदिवासी आणि अस्पृश्य. स्त्रियांना जमिनीखाली उतरवायला १९३७ पासून पूर्ण बंदी होती. १९३५ चा यासंबंधीचा आंतरराष्ट्रीय करारही भारताने स्वीकारला होता.

ऑगस्ट १९४३ मध्ये सरकारने ही बंदी उठवली, आणि या खात्याचे मंत्री बाबासाहेब होते.

हे वाक्य मी मुद्दाम वेगळे लिहिले आहे. आपले बरेच लेखक ते लिहीतच नाहीत, आणि आपले विरोधक ते एकटेच लिहितात. अखिल भारतीय महिला परिषदेने या निर्णयाला कडाडून विरोध केला. फेब्रुवारी १९४४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात त्यावर जोरदार चर्चा झाली आणि बाबासाहेबांनी निर्णयाचे समर्थन केले. त्यांचा युक्तिवाद असा होता की हे पाऊल आणीबाणीतले आहे, तात्पुरते आहे, कोळसा थांबला तर सगळेच थांबेल. त्याबरोबर त्यांनी एक मुद्दा ठासून मांडला. खाणीत उतरणाऱ्या स्त्रीला पुरुषाइतकीच मजुरी मिळेल. समान कामाला समान दाम हे तत्त्व इथल्या एखाद्या उद्योगात पहिल्यांदाच येत आहे, असे त्यांनी सांगितले. १ फेब्रुवारी १९४६ पासून बंदी पुन्हा लागू झाली, म्हणजे तात्पुरते म्हटले ते तात्पुरतेच राहिले.

माझे मत विचाराल तर हा निर्णय मला आजही बोचतो. गरोदर बाईने अंधारात टोपली वाहावी, ही गोष्ट समान मजुरीने भरून निघत नाही. पण विरोध करणाऱ्यांपैकी किती जणांनी त्या बाईच्या घरची चूल पाहिली होती, हाही प्रश्न मला पडतो. बंदी आली तेव्हा तिला वर दुसरे कोणते काम दिले होते? बंदीने तिचे शरीर वाचले आणि मजुरी गेली. बाबासाहेब या पेचात सापडले आणि त्यांनी उत्पादनाच्या बाजूने कौल दिला. आपण त्यांना देव मानत नसू, आणि २२ प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने कोणालाच मानू नये, तर हा पेच तरुणांसमोर उघडपणे ठेवायला हरकत काय?

निर्णय घेऊन ते दिल्लीत बसून राहिले नाहीत, हेही तितकेच खरे आहे. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा क्षेत्रात गेले. स्वतः खाणीत उतरले, काम पाहिले, मजुरांची घरे पाहिली. महिना-दीड महिन्यात, जानेवारी १९४४ च्या अखेरीस, कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा अध्यादेश निघाला. खाणीतून बाहेर जाणाऱ्या कोळशावर दर टनामागे उपकर, आणि त्या पैशातून मजुरांसाठी घरे, पाणी, दवाखाने, शाळा. खाणीतल्या स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या कायद्यातही त्यांच्या काळात दुरुस्त्या झाल्या. निधीची ही कल्पना मला फार महत्त्वाची वाटते. मालकाने दया म्हणून द्यायचे हा प्रकारच त्यात नाही. कोळशाच्या प्रत्येक टनावर तो खणणाऱ्याचा हक्क कायद्याने लिहून ठेवला.

आता वीज. २५ ऑक्टोबर १९४३ ला, म्हणजे धनबादला जाण्याच्या दीड महिना आधी, विद्युतशक्तीच्या धोरण समितीसमोर त्यांचे भाषण झाले. वीज खासगी मालकीची असावी की सरकारी, केंद्राची असावी की प्रांतांची, असे प्रश्न त्यांनी मांडले आणि मुळात वीज हवी कशाला, हेही विचारले. त्यांचा रोख असा की दारिद्र्याच्या चक्रातून सुटायचे तर औद्योगिकीकरण हवे, आणि त्यासाठी स्वस्त व मुबलक वीज हवी. खेडे सुंदर आहे, तिथेच राहा, असे सांगणाऱ्यांच्या काळात हे भाषण झाले आहे. गावकुसाबाहेरच्या माणसाला खेड्याचे सौंदर्य दिसत नसते.

१९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक विद्युत मंडळ स्थापन झाले. इथे एक दुरुस्ती करतो, कारण आपल्या पोस्टमध्ये हमखास चूक असते. आजचे केंद्रीय विद्युत प्राधिकरण १९४८ च्या विद्युत पुरवठा कायद्यातून आले. तेव्हा बाबासाहेब कायदामंत्री होते, मजूर मंत्री नव्हते. त्या व्यवस्थेचा पाया त्यांच्या मजूर खात्यात घातला गेला, एवढे म्हणणे बरोबर आहे आणि तेवढे पुरेसे आहे. त्याच कायद्यातून पुढे राज्यांची वीज मंडळे झाली. आपले महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० चे, २००५ मध्ये त्याच्या निर्मिती, पारेषण आणि वितरण अशा कंपन्या झाल्या.

आणि धरणाचा तो फोटो? दामोदर खोरे योजनेच्या परिषदा १९४५ मध्ये कलकत्त्याला बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली झाल्या. पूर नियंत्रण, सिंचन, वीज, सगळे एकत्र. १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ स्थापन झाले. पण दामोदरचे खोरे म्हणजेच झरिया-राणीगंजचे कोळशाचे खोरे. १९५३ मध्ये बोकारोचे औष्णिक केंद्र सुरू झाले ते कोळशावर. आज या महामंडळाची जलविद्युत क्षमता दीडशे मेगावॉटच्या आसपास आहे आणि कोळशाची हजारो मेगावॉट. त्या मुलीचा प्रश्न बरोबर होता. धरणाच्या फोटोमागेही कोळसाच उभा आहे.

महाराष्ट्रात हीच गोष्ट चंद्रपूरला दिसते. १६ ऑक्टोबर १९५६ ला, नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी, बाबासाहेबांनी चांद्याला धम्मदीक्षा दिली. त्या जिल्ह्याच्या पोटात कोळसा. वरोऱ्याची खाण तर इंग्रजांच्या काळातली. आज चंद्रपूरचे महाऔष्णिक केंद्र २९२० मेगावॉटचे आहे. तिथली वीज पाचशे केव्हीच्या थेट प्रवाहाच्या वाहिनीने साडेसातशे किलोमीटर प्रवास करून मुंबईजवळच्या पडघ्याला उतरते. वाटेतल्या एकाही गावाला त्या वाहिनीतून वीज घेता येत नाही, तिची रचनाच तशी आहे. मागे चंद्रपूरला राख राहते, धूळ राहते. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची क्रमवारी लावली, त्यात चंद्रपूर चौथे होते. दीक्षाभूमीची माती आपण कपाळाला लावतो, तेव्हा त्या मातीवर काय पडते आहे तेही पाहावे.

कोळशाची वीज तयार झाल्यावर ती कोणाला मिळते, हे पुणे जिल्ह्यात आम्ही अनुभवले. २००५ नंतरची काही वर्षे भारनियमनाची. २००६ मध्ये ‘पुणे मॉडेल’ आले. उद्योगांनी स्वतःचे जनरेटर चालवून ग्रीडवरचा भार कमी करायचा, जास्त वीज वापरणाऱ्या ग्राहकांनी जादा आकार भरायचा आणि पुणे शहर भारनियमनातून मुक्त. वर्तमानपत्रांत कौतुक झाले. मी तेव्हा दौंड तालुक्यातल्या एका गावात दहावीत होतो. रात्री रॉकेलचा कंदील, आणि पश्चिमेला आकाशात पुण्याचा पिवळसर उजेड. जिल्हा एक, तारा त्याच, कोळसा तोच. ज्याच्याकडे जादा पैसे त्याला उजेड, हा नियम कोणाला खटकला नाही, कारण तो ‘मॉडेल’ म्हणून आला होता.

शिरूरकडे आजही दुसरे रूप पाहायला मिळते. १ जानेवारीला भीमा कोरेगावला जाताना पेरणे, लोणीकंदच्या शिवारात उच्चदाबाच्या मनोऱ्यांच्या रांगा दिसतात. जवळच लोणीकंदचे ४०० केव्हीचे उपकेंद्र आहे. रांजणगाव, सणसवाडीचे कारखाने चोवीस तास चालतात. त्याच तालुक्यात शेतीपंपाला वीज अनेकदा रात्रीची येते. उसाला दारे धरायला रात्री जायचे आणि उसात बिबट्या. शिरूर, जुन्नर, आंबेगावात दिवसा वीज द्या ही मागणी किती वर्षांची आहे! त्यात एक गोष्ट बोलली जात नाही. पंप ज्याच्या नावावर असतो तोच रात्री उसात उतरतो असे नाही. पुष्कळदा तिथे सालाने किंवा रोजाने राबणारा भूमिहीन माणूस असतो.

२०२१ मध्ये राज्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर जीवन प्रकाश योजना आली. अनुसूचित जाती-जमातींच्या घरांना वीजजोडणीसाठी ५०० रुपये अनामत, तीही पाच हप्त्यांत. योजना चांगलीच. पण स्वातंत्र्यानंतर ७४ वर्षांनी तिची गरज पडली, यातच सगळे आले.

आता सांगितले जाते की कोळशाचे दिवस संपत आले, पुढे सौर. हवामानासाठी ते गरजेचे आहे, मी त्याच्या विरोधात नाही. पण दोन गोष्टी डोळ्यांत तेल घालून पाहायला हव्यात. पहिली मालकीची. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा खाणीतल्या नोकरीला आरक्षण मिळाले, क्वार्टर मिळाली, पोरे शिकली. नागपूर-चंद्रपूरकडे अशी घरे कितीतरी आहेत. मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत हे बाबासाहेबांनी १९४७ मध्ये ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये लिहिले होते. जून २०२० मध्ये टाळेबंदी पुरती उठलेली नसताना खासगी कंपन्यांसाठी व्यापारी खाणींचा लिलाव सुरू झाला. खासगी खाणीत आरक्षण नाही. काम तेच, खाली उतरणारा माणूस बहुधा तोच, फक्त आता तो ठेकेदाराचा.

दुसरी गोष्ट जमिनीची. शेतीला दिवसा वीज देण्यासाठी सौर कृषी वाहिनी योजनेत सरकारी आणि गायरान जमिनी दिल्या जात आहेत. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांनी सत्याग्रह करून तुरुंग भरले, ते याच पडीक आणि गायरान जमिनींसाठी. कोळशाच्या काळात आपण राखेजवळ होतो. सौरच्या काळात आपल्याच कसत्या गायरानावर कुंपण पडले आणि आपण कुंपणाबाहेर राहिलो, तर तो बदल कोणासाठी झाला? आपल्या गावच्या गायरानाचा सातबारा आणि ग्रामसभेचा ठराव काढून बघा. हे काम पोस्ट पुढे पाठवण्याइतके सोपे नाही.

पुढच्या महिन्याच्या अभ्यासवर्गात हा विषय पुन्हा घेतोय. दौंडच्या लोको शेडमध्ये कोळशाच्या इंजिनांवर काम केलेले जे काही म्हातारे लोक अजून आहेत, त्यांना बोलवायचे ठरले आहे. त्यांनी कोणते काम केले, बढती मिळाली का, शेजारी कोण काम करायचे, पाणी कोणत्या माठातले प्यायचे, असे प्रश्न त्या मुलीनेच वहीत लिहून आणले आहेत. शिरूर, पाटस, केडगावकडच्या कार्यकर्त्यांच्या ओळखीत असे कोणी असतील तर कळवा. नोंदी करायला माणसे कमी आहेत आणि सांगणाऱ्यांचे वय झाले आहे.

जयभीम.